रोशाचा वास आणि रोशाचा भाव



खानदेशातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत आपोआप उगवते. त्याचा तुरा चोळून नाकाशी धरला की गुलाबाची आठवण येते. गुलाबाच्या अत्तरात असणारे जिरॅनिऑल नावाचे द्रव्य रोशाच्या तेलात भरपूर असते. चांगल्या तेलात त्याचे प्रमाण शेकडा ७५ ते ८५ पर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. आज ते साबण व सुगंधी मालासाठी लागते.

हलक्या रानात रोशा लावायचा विचार असेल, तर ध्यानात ठेवा की गिऱ्हाईक गवताला नव्हे, त्यातल्या जिरॅनिऑलला पैसे मोजते.

रोशाच्या जाती दोन, मोतिया आणि सोफिया. दिसायला दोन्ही सारख्याच, ओळख वासावरून. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी, म्हणून भावही कमी. तेव्हा बी मोतियाचेच, खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. शेतात वेगळ्या वासाचे ठोंब आढळले तर उपटून टाका.

तेल मुख्यतः तुऱ्यात व पानांत असते, काडीत नाममात्र. म्हणून तुरे भरल्यावर कापणी करा. कापलेले गवत फार तर दिवसभर सावलीत सुकवा. उन्हात पडून राहिले तर तेल उडून जाते.

तेल काढायचे ते वाफेवर. जिरॅनिऑल एकटे उकळायला सुमारे २३० अंश उष्णता लागते. पण वाफेच्या सोबतीने ते १०० अंशांच्या आतच निघून येते. वाफ थंड झाली की तेल पाण्यावर तरंगते. ते निथळून, पाण्याचा अंश काढून, काठोकाठ भरलेल्या बंद भांड्यात अंधारात ठेवा. हवा आणि उजेड लागला की वास बिघडतो.

आता हिशेब. एक क्विंटल हिरव्या गवतातून साधारण अर्धा किलोच तेल हाती येते. एवढ्या तेलासाठी गवत लांबच्या भट्टीवर नेले, तर नफा गाडीभाड्यातच जाईल. म्हणून पेरणीआधी भट्टी कुठे आहे आणि तेल कोण घेणार, हे घरात बसून नक्की करा. चार शेजारी मिळून भट्टी घालता आली तर उत्तमच. तेल काढलेला चोथा वाळवला की त्याच भट्टीला जळण म्हणून चालतो.