अ‍ॅव्हरेज किती देते?

जपानी गाडी म्हणजे अ‍ॅव्हरेज आणि अमेरिकन म्हणजे पेट्रोलची टाकी रिकामी, हा फंडा आपल्या डोक्यात फिट बसलाय. टेक्सासमधल्या माझ्या चुलतभावाच्याही. म्हणून साहेब सेकंडहॅण्ड टोयोटा टुंड्रा घ्यायला निघालेत, २०२१ची, फोर-व्हील ड्राइव्ह.

आता आकडे बघा, बॉस! अमेरिकन सरकारी टेस्टमध्ये ही टुंड्रा गॅलनला १४ मैल देते, म्हणजे लिटरला जेमतेम ६ किलोमीटर. त्याच वर्षीची २.७ लिटर टर्बोवाली फोर्ड एफ-१५० २०च्या आसपास, म्हणजे साडेआठ किलोमीटर. दादा वर्षाला २० हजार किलोमीटर मारतो. नेरला काकांनी हिशेब केला, फरक जवळपास हजार लिटर! ‘बाप्पा! एवढ्यात तं माहा ट्रॅक्टर दोन हंगाम चालते.’

कारण सिंपल आहे. टोयोटाने ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन २००७पासून २०२१पर्यंत ओढलं. फोर्डने २०१५च्या मॉडेलला अ‍ॅल्युमिनियमची बॉडी देऊन वजन उतरवलं, वर छोटं टर्बो इंजिन. (२०२२ला टुंड्रातही व्ही-सिक्स टर्बो आलं. उशिरा का होईना!)

रीसेलला टोयोटा भारी, मान्य. पण दादाला गाडी विकायची नाहीये, रोज ऑफिसला न्यायचीय.