डोळ्यांत न उतरणारी कावीळ

कावीळ म्हटली की आपण आधी डोळे पाहतो. डोळे पिवळे दिसले की धावाधाव सुरू. पण काविळीची एक जात अशी आहे, की वीस-वीस वर्षे अंगात राहते आणि बहुधा डोळ्यांत उतरतच नाही. डॉक्टर तिला हेपटायटिस-सी म्हणतात. ती पाण्यातून नव्हे, रक्तातून पसरते. आतल्या आत यकृत पोखरते आणि पोटात पाणी भरू लागले म्हणजे घरच्यांना कळते. तिच्यावर लस अजून नाही.

या दुखण्याने इजिप्त देश फार पोळला, आणि त्यातही तिथला शेतकरी. नाईल नदीच्या कालव्यांत गोगलगाई असतात. त्यांच्यातून बारीक कृमी पाण्यात उतरतात आणि पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. त्यावर उपाय म्हणून १९५० नंतर तीसेक वर्षे सरकारने गावोगाव इंजेक्शने दिली. हेतू चांगला होता. पण तीच काचेची सिरिंज, तीच सुई नीट न उकळता एकाची दुसऱ्याला लागली आणि सी-विषाणू घरोघर पोचला. तो विषाणू सापडलाच मुळी १९८९ साली!

पण सरकारने हात झटकले नाहीत. नवे औषध निघाले तेव्हा अमेरिकेत एका गोळीला हजार डॉलर पडत. इजिप्तने २०१४ साली घासाघीस करून महिन्याचे औषध तीनशे डॉलरला मिळवले. पुढे गोळ्या देशातच बनवल्या. मग २०१८ च्या ऑक्टोबरपासून सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांचे रक्त तपासले. ज्यांच्यात विषाणू सापडला, त्यांना औषध फुकट दिले. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता सरकारच त्याला शोधत गेले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामाची वाखाणणी केली.

आपल्याकडेही २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा असा कार्यक्रम आहे. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात आणि शंभरात पंचाण्णवांहून अधिक बरे होतात. पण योजना कागदावर राहिली तर कोणाच्या उपयोगाची? आपण दारात जाऊन मागितली पाहिजे.

तेव्हा एवढे करा. पूर्वी कधी रक्त चढवले असेल, एकाच सुईने अनेकांना टोचलेले आठवत असेल, जत्रेत गोंदून घेतले असेल, तर जिल्हा रुग्णालयात जाऊन एकदा रक्त तपासून घ्या. पहिल्या चाचणीत दोष निघाला तरी घाबरू नका. विषाणू अजून अंगात आहे की नाही, हे दुसऱ्या चाचणीत कळते. न्हाव्याकडे नवे पाते मागा. आणि साध्या तापाला "डॉक्टर, सुई माराच" असा हट्ट धरू नका. सुई खरोखर लागणारच असेल, तर कोरी सुई डोळ्यांदेखत फोडायला सांगा. त्यात संकोच कसला? बियाण्याची पिशवी आपण फोडलेली घेतो का?