स्वस्त विमानप्रवासाचा हिशेब: जाहिरातीतील भाडे आणि खिशातून जाणारे पैसे

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील प्रमुख विमानतळांवर जे दृश्य दिसले, ते भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासात दीर्घकाळ लक्षात राहील. वैमानिकांच्या कामाचे तास आणि विश्रांती यांविषयीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला होता. त्यासाठी पुरेसे नियोजन न झाल्याने इंडिगो या देशातील सर्वात मोठ्या कंपनीला हजारो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. अडकलेले प्रवासी अन्य कंपन्यांकडे वळताच तेथील भाडे काही तासांत अनेक पटींनी वाढले. अखेर ६ डिसेंबर रोजी नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,००० रुपये, १,५०० किलोमीटरपर्यंत १५,००० रुपये आणि त्यापुढे १८,००० रुपये असे हे टप्पे होते. कर आणि विमानतळ शुल्क त्याव्यतिरिक्त होते.

सर्वसामान्य प्रवाशाच्या मनात यातून एक साधा प्रश्न उभा राहिला. एकाच विमानात, शेजारशेजारच्या दोन आसनांसाठी एकाने साडेतीन हजार आणि दुसऱ्याने पंधरा हजार रुपये मोजावेत, याला कोणते तर्कशास्त्र म्हणावे? त्याचे उत्तर शोधायचे, तर स्वस्त विमानसेवेची रचनाच समजून घ्यावी लागेल.

एका रुपयाच्या तिकिटापासून

१९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने देशातील हवाई वाहतूक सरकारी कंपन्यांच्या हाती सोपवली होती. मार्च १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना नियमित सेवेचे दार अधिकृतपणे उघडले. तथापि, सामान्य माणसाला विमानात बसवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एअर डेक्कनकडे जाते. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या या कंपनीने ऑगस्ट २००३ मध्ये बंगळूर ते हुबळी मार्गावर सेवा सुरू केली आणि पुढे एक रुपया मूळ भाड्याची तिकिटे विकून देशभर खळबळ उडवली. २००५ मध्ये स्पाइसजेट व गो एअर आणि २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या मैदानात उतरल्या.

या सेवेचा नमुना अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सने १९७१ पासून घालून दिला होता. शक्यतो एकाच प्रकारची विमाने वापरायची, म्हणजे सुटे भाग आणि प्रशिक्षण यांवरील खर्च कमी होतो. विमान उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचे, म्हणजे तेच विमान दिवसात अधिक फेऱ्या करते. प्रवासी जमिनीवरून आकाशात गेला, एवढीच मूळ सेवा मानायची आणि बाकीचे शक्य तितके वेगळे विकायचे. खर्च वाचवण्याची ही पद्धत प्रामाणिक आहे. प्रश्न निर्माण होतो तो ‘बाकीचे’ या शब्दाची व्याप्ती वाढत जाते तेव्हा.

भाडे कोण ठरवते?

भारतात देशांतर्गत भाडे सरकार ठरवत नाही. १९३७ च्या विमान नियमांतील १३५ व्या नियमानुसार सेवेचा खर्च, तिचे स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर विचारात घेऊन कंपनीने ते स्वतः निश्चित करावे, अशी तरतूद आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, त्यावर देखरेख ठेवते.

प्रत्यक्षात कंपनी विमानातील आसने निरनिराळ्या भाड्यांच्या गटांत विभागते. उदाहरणादाखल १८० आसनांचे विमान घेऊ. त्यातील पहिली वीस आसने ३,००० रुपयांना, नंतरची तीस ४,००० रुपयांना, असे करत शेवटची दहा १५,००० रुपयांना ठेवली आहेत, असे समजू. स्वस्त गटातील आसने संपली की संगणक आपोआप पुढचा गट उघडतो. मागणी मंदावली तर बंद झालेला स्वस्त गट पुन्हा उघडलाही जातो. म्हणून सकाळी पाहिलेले भाडे संध्याकाळी बदललेले दिसते. चौघांचे तिकीट एकत्र शोधताना स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर चौघांनाही पुढच्या गटाचा दर लागण्याची शक्यता असते. अशा वेळी दोन-दोन तिकिटे वेगवेगळी पाहणे फायद्याचे ठरू शकते.

या पद्धतीमागील गृहीतक असे, की उशिरा तिकीट घेणारा प्रवासी कंपनीच्या खर्चाने फिरणारा व्यावसायिक असतो आणि त्याला दराची फिकीर नसते. भारतात हे गृहीतक अर्धेच खरे आहे. उशिरा तिकीट घेणाऱ्यांत वडील अतिदक्षता विभागात असल्याचा निरोप आलेला मुलगा असतो, अचानक मुलाखतीचे बोलावणे आलेली तरुणी असते. दिल्ली, बंगळूर किंवा कोलकात्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गणपतीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत याचा दरवर्षी अनुभव येतो. गणिताच्या दृष्टीने तातडी आणि श्रीमंती यांत फरक नसतो. माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा असतो.

भाड्याचे सर्वच घटक कंपनीच्या हाती नसतात, हेही नमूद करावयास हवे. मूळ भाड्यावर विमानतळ वापरकर्ता शुल्क, सुरक्षा शुल्क आणि साध्या वर्गासाठी ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. विमानाचे इंधन हा कंपन्यांच्या खर्चातील सर्वात मोठा घटकांपैकी एक आहे. ते मात्र वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून त्यावर प्रत्येक राज्य आपापला मूल्यवर्धित कर आकारते. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली, ती या पार्श्वभूमीवर.

आधी चढण्याची किंमत

आता ‘बाकीचे’ म्हणजे काय ते पाहू. आवडीची खिडकी, पाय पसरता येतील अशी पुढची रांग, जेवण, अतिरिक्त सामान, सामान आधी मिळण्याची सोय आणि विमानात आधी चढण्याचा हक्क, हे सर्व आज विक्रीस आहे. डीजीसीएने अशा सेवा वेगळ्या विकण्यास परवानगी देताना एक महत्त्वाची अट घातली आहे. प्रवाशाने स्वतः निवडल्याशिवाय त्या त्याच्या माथी मारता येत नाहीत. तिकीट काढताना एखाद्या चौकटीत आधीच खूण केलेली आढळली, तर ती काढून टाकण्याचा प्रवाशाला अधिकार आहे. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने आणखी एक निर्देश दिला. एकाच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडील यांपैकी एकाच्या शेजारी जागा मिळाली पाहिजे.

आधी चढण्याच्या हक्काचे मोल काय? जेथे आसन क्रमांक दिलेला नसतो तेथे ते मोठे असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या पिढ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. साउथवेस्टने पन्नास वर्षांहून अधिक काळ विमानात जो आधी चढेल त्याने हवे ते आसन घ्यावे, हीच पद्धत चालवली. २००९ मध्ये तिने रांगेतील पुढचा क्रमांक पैसे घेऊन देण्यास प्रारंभ केला. म्हणजे जी गोष्ट पूर्वी तत्परतेने मिळत होती, ती पैशाने मिळू लागली. पुढे मे २०२५ मध्ये तिने मोफत सामानाची आपली प्रसिद्ध सवलत बहुतांश प्रवाशांसाठी बंद केली आणि जानेवारी २०२६ पासून आसन क्रमांक देण्याची पद्धत स्वीकारली. स्वस्त सेवेचा आद्य नमुनाही अखेर ‘बाकीचे’ विकण्याच्या वाटेवर आला.

भारतात आसन क्रमांक बोर्डिंग पासवरच छापलेला असतो. आपण शेवटी चढलो तरी जागा कोणी घेत नाही. मग आधी चढून मिळते काय? डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवण्याची खात्री, एवढेच. चेक-इनच्या मोफत सामानाची मर्यादा देशांतर्गत साध्या वर्गात सर्वसाधारणपणे १५ किलो आणि सोबतच्या बॅगेची ७ किलो आहे. त्यामुळे लोक शक्य तितके सामान सोबत नेतात आणि कप्पे लवकर भरतात. ज्याच्याकडे केवळ खांद्यावरची लहान पिशवी आहे, त्याने या सोयीसाठी वेगळे पैसे देण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय विमान दूर उभे असेल आणि प्रवाशांना बसने नेले जाणार असेल, तर दारातील पहिला क्रमांक बसमध्ये बहुधा निष्फळ ठरतो. गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठांना किंवा तान्ह्या बाळाच्या आईला मात्र ही सोय खरोखर उपयोगी पडते. अशांना विनंती केल्यास प्राधान्य देण्याची प्रथा बहुतेक कंपन्यांत आहे. ती मागण्यात संकोच बाळगू नये.

पॉइंटांचे चलन

तिसरा विषय रिवॉर्ड पॉइंटांचा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये संगणकाच्या साहाय्याने प्रवाशांच्या मैलांची नोंद ठेवणारी योजना सुरू केली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही योजना १९९० च्या दशकातील. तिने २०२४ मध्ये अंतराऐवजी खर्च केलेल्या रकमेवर पॉइंट देण्याची पद्धत अवलंबली. त्याच वर्षी इंडिगोने ‘ब्लूचिप’ ही योजना जाहीर केली. काटकसरीचा आदर्श म्हणवणाऱ्या कंपनीला जवळपास अठरा वर्षांनंतर हे पाऊल उचलावेसे वाटले, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

पॉइंट हे कंपनीने छापलेले स्वतःचे चलन आहे. बँका आपल्या क्रेडिट कार्डधारकांना देण्यासाठी ते कंपन्यांकडून रोख पैसे मोजून विकत घेतात. विमान उडो वा न उडो, हे उत्पन्न येत राहते. २०२० मध्ये महासाथीमुळे जगातील विमाने जमिनीवर असताना अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट योजनाच तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. विमानांपेक्षा प्रवाशांची निष्ठा अधिक भक्कम तारण ठरली, असा त्याचा अर्थ.

परंतु या चलनाचे मोल ठरवण्याचा अधिकार छापणाऱ्याकडेच असतो. आज ५,००० पॉइंटांत मिळणाऱ्या तिकिटाला उद्या ८,००० लागू शकतात. आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या सभासदांच्या खात्यातील पॉइंट कागदावरच राहिले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ‘इंटरमाइल्स’ या नावाने टिकली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले होते ती विमाने राहिली नाहीत.

म्हणून पॉइंटांचे मोल स्वतः काढून पाहावे. समजा, तिकीट रोखीने ५,००० रुपयांचे आहे आणि पॉइंट वापरूनही शुल्क व करांपोटी १,००० रुपये द्यावेच लागतात. म्हणजे बचत ४,००० रुपयांची. त्यासाठी ८,००० पॉइंट खर्च होत असतील, तर एका पॉइंटची किंमत ५० पैसे. हा आकडा हाती आला की पॉइंटांसाठी महाग तिकीट घ्यावे की नाही, याचा निर्णय सोपा होतो. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या कुटुंबाने पॉइंटांच्या मोहाने एकाच कंपनीशी बांधून घेण्यापेक्षा त्या दिवशीचे स्वस्त तिकीट घेणे बहुधा शहाणपणाचे.

मूळ प्रश्न स्पर्धेचा

प्रवाशाने जागरूक राहावे हे खरे. तिकीट रद्द करताना एक नियम सर्वांना ठाऊक असावा. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही. तिकीट ‘परतावा नाही’ या अटीवर घेतलेले असले, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. रक्कम लहान वाटते म्हणून अनेक जण ती मागतच नाहीत.

मात्र सारा भार प्रवाशाच्या हुशारीवर टाकून हा प्रश्न सुटणारा नाही. किंगफिशर आणि जेटनंतर गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. देशांतर्गत बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा एका कंपनीकडे गेला. ज्या व्यवस्थेत एका कंपनीचे वेळापत्रक कोलमडताच देश अडकून पडतो, तेथे मागणीनुसार भाडे हे तत्त्व प्रवाशाच्या अगतिकतेनुसार भाडे असे रूप घेऊ लागते.

कायमची भाडेमर्यादा हा त्यावरचा सोपा वाटणारा उपाय आहे. तो मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात वापरून झाला आहे. तेव्हा कमाल भाड्याबरोबर किमान भाडेही ठरवले गेले, म्हणजे स्वस्त तिकिटांनाही अटकाव झाला. कायम मर्यादा घातल्यास तोट्याचे मार्ग बंद पडण्याचा धोका असतो. ‘उडान’ योजनेत एप्रिल २०१७ मध्ये पहिल्याच दिवशी नांदेड ते हैदराबाद सेवा सुरू झाली होती, तीसुद्धा सरकारी साहाय्याच्या आधारानेच. यापेक्षा संकटकाळात आपोआप लागू होणारी आणि आधीच जाहीर केलेली मर्यादा, नव्या कंपन्यांना गर्दीच्या विमानतळांवर उड्डाणाच्या वेळा आणि तिकीट काढताना पहिल्याच पानावर सर्व शुल्कांसह अंतिम रक्कम, हे तीन उपाय अधिक टिकाऊ ठरतील.

एक रुपयाच्या तिकिटाने सामान्य माणसाला आकाश दाखवले, हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु ज्या रात्री वडिलांच्या आजारपणाची बातमी येते, त्या रात्रीही ते आकाश त्याच्या आवाक्यात राहते का, हीच स्वस्त विमानसेवेची खरी कसोटी आहे.