फुकटच्या खेळातील जपानी सोडत

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आसनगाव म्हणजे शहापूर तालुक्याचे प्रवेशद्वार. येथून रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांचे आणि विद्यार्थ्यांचे जाऊन-येऊन चारेक तास लोकलमध्ये जातात. एके काळी हा वेळ पत्ते, भजन आणि वर्तमानपत्र यांत वाटला जात असे. आता त्यावर मोबाइलने हक्क सांगितला आहे. मोबाइलवरील खेळांच्या बाजारात जपानी ‘रोल प्लेइंग’ खेळांचेही स्वतंत्र दालन आहे. खेळणाऱ्याने एका काल्पनिक जगातील वीराची भूमिका घ्यायची, सोबती जमवायचे, राक्षसांशी लढायचे आणि कथा पुढे न्यायची, असे या खेळांचे स्वरूप. खेळ फुकट असतो; भाषा बहुतेकदा जपानी असते.

पहिल्या भेटीत हा खेळ कोणालाही भुरळ घालतो, हे मान्य करायला हवे. चित्रे देखणी, संगीत भरदार आणि कथेला भावनेची जोड. जपानीचे एक अक्षरही न कळणारा मुलगा पाच मिनिटांत खेळू लागतो, कारण कोठे बोट ठेवायचे ते पडद्यावरचा बाणच दाखवतो. पाठोपाठ बक्षिसांचा वर्षाव सुरू होतो. खेळात प्रवेश केल्याबद्दल रत्ने, उद्या पुन्हा आल्यास आणखी रत्ने, आणि त्या रत्नांवर पहिली सोडत मोफत. आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ असे गमतीने म्हटले जाते. येथे त्या समजुतीवरच सारा व्यवसाय उभा आहे.

या सोडतीला जपानमध्ये ‘गाचा’ म्हणतात. नाणे टाकून मूठ फिरवली की बंद डबीतून एखादे खेळणे बाहेर पडते, अशा यंत्रावरून हा शब्द आला. डबीत काय निघेल हे आधी कळत नाही. मोबाइलवरील खेळात खेळण्याच्या जागी दुर्मिळ पात्र असते आणि नाण्याच्या जागी रत्ने. फुकटची रत्ने संपली की ती पैसे देऊन घ्यावी लागतात. ‘फेट ग्रँड ऑर्डर’ या २०१५ मध्ये जपानात आलेल्या गाजलेल्या खेळात सर्वोच्च दर्जाचे पात्र निघण्याची शक्यता शंभरात एक इतकी ठेवलेली आहे. ‘शंभर वेळा प्रयत्न केला की एकदा मिळेलच’ असा याचा अर्थ अनेक जण लावतात. गणित तसे नाही. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा सोडत काढली, तरी त्यांतील सुमारे ३७ जणांच्या हाती असे एकही पात्र लागणार नाही.

नशिबाचा खेळ शहापूर-मुरबाड भागाला नवा नाही. म्हसाच्या यात्रेसारख्या जत्रांतून रिंग टाकून वस्तू जिंकण्याचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मात्र तेथे वस्तू डोळ्यांसमोर असते, खिशातले पैसे संपले की खेळ संपतो आणि काही दिवसांनी जत्राच उठते. मोबाइलवरची जत्रा कधी उठत नाही आणि यूपीआयमुळे खिशाचा तळही चटकन दिसत नाही.

यातील धोका जपानने आपल्या आधी ओळखला. ठरावीक वस्तूंचा संपूर्ण संच सोडतीतून जमवला तरच मोठे बक्षीस देणारा ‘कॉम्प्लीट गाचा’ बेकायदा असल्याचे तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी ग्री आणि डीएनए या मोठ्या कंपन्यांनी अल्पवयीनांच्या मासिक खर्चावर मर्यादा घातल्या. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती पाच हजार येन होती. २०१६ च्या सुरुवातीला ‘ग्रानब्लू फँटसी’ या खेळातील एकाच पात्रासाठी एका खेळाडूने जवळपास सात लाख येन खर्च केले आणि हा प्रकार थेट प्रक्षेपणातून लोकांनी पाहिला. त्यानंतर उठलेल्या टीकेमुळे कंपनीला तीनशे सोडतींनंतर हवे ते पात्र देण्याची सोय करावी लागली. तेथे तक्रारीसाठी १८८ हा सरकारी क्रमांक आहे.

खरी मेख येथे आहे. शक्यतांचे तक्ते, खर्चाच्या मर्यादा, वयाची विचारणा, परताव्याच्या अटी हे सारे संरक्षण जपानी समाजाने मिळवले, आणि ते जपानी भाषेत आहे. आसनगावच्या मुलापर्यंत बाण आणि बक्षीस पोहोचते. तक्ता मात्र त्याला वाचता येत नाही. इंग्रजी आवृत्ती आलीच तर उशिरा येते. ‘फँटसी स्टार ऑनलाइन २’ जपानात २०१२ मध्ये आला, अमेरिकेत २०२० मध्ये. ‘उमा मुसुमे’ २०२१ मध्ये आला, त्याची इंग्रजी आवृत्ती २०२५ मध्ये. या रांगेत मराठी कोठेच नाही. त्यातच काही खेळ केवळ जपानपुरते असतात. आडमार्गाने ते मिळवणाऱ्याला दाद मागण्यासही जागा उरत नाही.

भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी स्वतंत्र कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. हेतू योग्यच आहे. परंतु गाचाचा त्यात नावानिशी उल्लेख नाही. येथे पैसे जातात, पण परत पैसे मिळण्याची आशा नसते. मिळते ते केवळ एक चित्र. त्यामुळे जुगाराची व्याख्या जेथे संपते, तेथून या सोडतीचा प्रांत सुरू होतो. अल्पवयीनाने केलेला करार आपल्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरतो हे खरे. पण परदेशी कंपनीकडून काहीशे रुपये परत मिळवण्यासाठी कोणता पालक झगडत बसेल?

याचा अर्थ जपानी खेळांवर सरसकट बंदी घालावी असा नव्हे. अशा खेळांमुळे काही मुले जपानी शिकण्याकडे वळू शकतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येण्याची रीत मराठीप्रमाणेच असल्याने ती भाषा आपल्याला फार परकी वाटत नाही. तिची वर्णमालाही आपल्यासारखीच स्वरांपासून सुरू होऊन पुढे ‘क’च्या ओळीकडे जाते. पुणे आणि मुंबईत जपानी भाषेच्या परीक्षेची केंद्रे आहेत. हे कुतूहल मारून टाकण्यात शहाणपण नाही.

मागणी साधी आहे. भारतात पैसे स्वीकारणाऱ्या प्रत्येक खेळाने सोडतीतील शक्यता मराठीसह भारतीय भाषांत, पैसे भरण्याच्या बटणाशेजारीच दाखवाव्यात आणि अल्पवयीनांच्या खर्चाला मासिक मर्यादा असावी. अ‍ॅपलने २०१७ पासून शक्यता जाहीर करणे सक्तीचे केलेच आहे. प्रश्न उरतो तो भाषेचा. पालकांनीही मुलाच्या हाती फोन देताना त्यावरील पैसे भरण्याची सोय बंद ठेवावी. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.