बेंबळेच्या काठी अर्ध्या दिवसाची सहल: बाभुळगावकरांना आवाहन

बाभुळगाव तालुक्यातील शेतकरी, बचतगटांच्या भगिनी आणि तरुण मित्रांनो,

नाशिकला गेलेला पाहुणा अर्ध्या दिवसात सोमेश्वरजवळचा गोदावरीचा धबधबा पाहतो आणि गंगापूर धरणाच्या परिसरातल्या द्राक्षबागेत जाऊन वाइनची चव घेतो. १९९९ साली उभ्या राहिलेल्या ‘सुला’ या वाइन कंपनीने २००५ मध्ये बागेतच चव घेण्याची सोय केली. तिथे पाहुणा पेला फिरवतो, वास घेतो, घोटभर चाखतो, प्रश्न विचारतो आणि जाताना बाटली विकत घेऊन जातो. माल पिकतो तिथेच गिऱ्हाईक आले की भाव सांगण्याचा अधिकार पिकवणाऱ्याकडे येतो. आपला कापूस, तूर, सोयाबीन मात्र गाडीत भरून बाजारात जातात आणि तिथे भाव दुसराच कुणी ठरवतो. म्हणूनच अशी सहल आपल्या तालुक्यातही सुरू व्हावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

आपल्याकडे धबधबा कुठे आहे, असे कुणी म्हणेल. पैनगंगेवरचा सहस्रकुंड उमरखेड तालुक्यात, आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जाऊन येण्यातच दिवस सरतो. पण बेंबळा धरणाचे विस्तीर्ण पाणी आपल्याच तालुक्यात आहे. सकाळी ते पाणी पाहावे, शेजारच्या कळंबला जमिनीखालच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून चिंतामणीचे दर्शन घ्यावे आणि दुपारी एखाद्या शेतात जेवायला बसावे. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांनाही झेपेल अशी ही वाट आहे.

वाइनचे काय? ती इथे नकोच. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक दशके दारूबंदी आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या बायाही दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या आहेत. त्यांच्या लढ्याला धक्का लावून मिळणारा पैसा आपल्याला परवडणार नाही. चव द्यायची ती आपल्या रांधण्याची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा राख झटकून फोडायचा, त्यावर तूप सोडायचे, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी वाढायची. हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा आहेच. जेवण आवडले की त्याच घरची तूरडाळ किलोवर विकत देता येते. डाळीचा भाव आणि तुरीचा भाव यांतला फरक तेव्हा घरातच राहतो.

पाहुणे येतील का, ही शंका रास्त आहे. पण यवतमाळ शहर जवळ आहे आणि धामणगावला रेल्वे थांबते. सुरुवातीला मोठे भांडवलही लागत नाही. सावली, स्वच्छ पाणी, स्वच्छ शौचालय आणि वेळेवर जेवण एवढे पुरे. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला नोंदणीची वाट देते. पाण्याच्या धोक्याचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. धरणाचे दरवाजे उघडले की नदीपात्रात पाणी झपाट्याने चढते, म्हणून पात्रात उतरणे, पोहणे आणि काठावर दारू पिणे यांना पहिल्या दिवसापासून सक्त मनाई हवी.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. बचतगटांनी जेवणाची जबाबदारी घ्यावी, तरुणांनी वाट दाखवण्याची आणि पाण्यावर लक्ष ठेवण्याची. या धरणासाठी ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली, त्या कुटुंबांना या कामात पहिला मान द्या. एका शेतापासून, याच हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत सुरुवात करा.

आपला,
एक बाभुळगावकर