हेल्मेटमधली शिट्टी आणि अर्थची वायर

मोटारसायकलच्या हँडलवरचा जीपीएस, त्याच्या सूचना हेल्मेटपर्यंत पोचवणारी ऑडिओ वायर आणि चालकाला मागच्या सहप्रवाशाशी बोलता यावे म्हणून बसवलेला इंटरकॉम ही साधने लांबच्या प्रवासात आता सर्रास दिसतात. आणि तितकीच सर्रास ऐकू येणारी तक्रार अशी की, इंजिन सुरू होताच कानात एक बारीक शिट्टी वाजू लागते, थ्रॉटल पिळला की ती चढते आणि सोडला की उतरते. अशा वेळी दोष इंटरकॉमचा मानून तो बदलला जातो किंवा बाजारातला एखादा ‘नॉइज फिल्टर’ मध्ये जोडून पाहिला जातो, आणि पुष्कळदा दोन्ही खर्च वाया जातात. कारण या शिट्टीचे मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसते. यंत्रे गाडीला ज्या रीतीने जोडली जातात त्या जोडणीत, त्यातही निगेटिव्ह बाजूला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या ‘अर्थ’मध्ये ते असते.

ही शिट्टी निर्माण कशी होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टबरोबर फिरणारे चुंबक स्टेटरच्या गुंडाळ्यांमध्ये प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज निर्माण करतात; रेग्युलेटर-रेक्टिफायर हे युनिट तिला एकाच दिशेने वाहणारी करते आणि तिचा दाब साधारण १४ व्होल्टच्या आसपास रोखून धरते. मात्र या रूपांतरानंतरही विजेवर बारीक चढउतार शिल्लक राहतात, ज्यांना ‘रिपल’ म्हणतात. रोटरवर चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या असतील आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे, म्हणून ३०० आवर्तने होतात. तीन फेजच्या रेक्टिफायरमधून प्रत्येक आवर्तनात सहा उंचवटे बाहेर पडत असल्याने रिपलची वारंवारता १,८०० हर्ट्झ होते, आणि इंजिन ६,००० फेऱ्यांवर गेले की ती ३,६०० हर्ट्झ होते. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो, नेमक्या त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या उंबरठ्यावर हे स्वर येतात. म्हणूनच अगदी क्षीण रिपलही कानाला टोचतो. सुस्थितीतली बॅटरी हे चढउतार बऱ्याच अंशी शोषून घेते, तर थकलेली बॅटरी किंवा गंजलेले, सैल टर्मिनल ते वाढू देतात.

पण रिपल प्रत्येक गाडीत असतो आणि शिट्टी मात्र काही गाड्यांतच ऐकू येते, याचे कारण ‘ग्राउंड लूप’ या घटनेत आहे. समजा, जीपीएसची निगेटिव्ह वायर हेडलाइटजवळच्या ज्या बोल्टला जोडली आहे, त्याच बोल्टला नंतर बसवलेल्या जादा एलईडी दिव्यांचीही निगेटिव्ह वायर आली आहे, आणि सीटखालच्या इंटरकॉमची निगेटिव्ह वायर मात्र थेट बॅटरीवर गेली आहे. जीपीएस आणि इंटरकॉम यांना जोडणाऱ्या ऑडिओ वायरीचे जाळीदार आवरण हीसुद्धा एक निगेटिव्ह वायरच असते. त्यामुळे दोन्ही यंत्रांच्या निगेटिव्ह बाजू दोन वेगळ्या मार्गांनी एकमेकींना जोडल्या जातात आणि एक बंद वेढा तयार होतो. दिव्यांचा ६० वॅटचा भार म्हणजे १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह. बोल्टच्या गंजलेल्या सांध्याचा आणि तिथून बॅटरीपर्यंतच्या बारीक वायरीचा मिळून रोध ०.०२ ओहम धरला, तरी तेथे ०.१ व्होल्टचा फरक पडतो. त्यातला दहावा हिस्सा रिपल असेल, तर १० मिलिव्होल्टची शिट्टी ऑडिओच्या साधारण ३०० मिलिव्होल्टच्या संकेतात मिसळते, आणि सूचना थांबली की त्या शांततेत ती स्पष्ट ऐकू येते. पॉझिटिव्ह वायरीला फ्यूज आणि रिले लावणारा फिटरही परतीच्या प्रवाहाची वाट जवळचा कोणताही बोल्ट पाहून ठरवून टाकतो, आणि दोष नेमका तिथे रुजतो.

म्हणून खरेदीच्या आधी निदान झाले पाहिजे, आणि त्याला फारशी साधने लागत नाहीत. इंजिन चालू ठेवून जीपीएसला मिळणारी गाडीची वीज तोडावी आणि तो स्वतःच्या बॅटरीवर किंवा खिशातल्या पॉवर बँकेवर चालवावा. शिट्टी थांबली, तर ती पुरवठ्याच्या वायरीतून येत आहे. मग गाडीची वीज पुन्हा जोडून इंटरकॉमच्या टोकाची ऑडिओ वायर काढावी. या वेळीही शिट्टी थांबली, म्हणजे दोन्ही जोडण्या एकत्र असतानाच ती येत असली, तर ग्राउंड लूप जवळजवळ निश्चित समजावा. शेवटी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून, दिवे लावलेल्या स्थितीत, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि जीपीएसची निगेटिव्ह वायर यांच्यातला फरक मोजावा. तो काही मिलिव्होल्टपेक्षा बराच जास्त भरला, तर वाटेत कुठला तरी सांधा सैल किंवा गंजलेला आहे.

उपायही याच क्रमाने सुचतात. ऑडिओशी संबंधित सर्व यंत्रांच्या निगेटिव्ह वायरी एकाच ठिकाणी, शक्यतो थेट बॅटरीजवळ आणाव्यात, दिव्यांचा भार त्या वाटेवरून पूर्णपणे हटवावा, आणि ऑडिओ वायर स्टेटर व इग्निशन कॉइलच्या वायरींपासून दूर न्यावी; त्या ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडाव्यात. एवढ्याने भागले नाही, तर ऑडिओ वायरीत ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’, म्हणजे दोन्ही बाजूंचा धातूचा संबंध तोडून केवळ संकेत पुढे पाठवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, घालावा किंवा जीपीएसला आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून वीज द्यावी. हा ट्रान्सफॉर्मर मायक्रोफोनच्या वायरीत मात्र घालू नये, कारण इलेक्ट्रेट मायक्रोफोनला त्याच वायरीतून लागणारा एकदिश दाब त्यातून पार होत नाही आणि माइक मुका होतो.

शिट्टीव्यतिरिक्त इतर आवाजांची कुळे वेगळी आहेत आणि ती ओळखता आली पाहिजेत. इंजिनाच्या वेगानुसार दाट होणारी टिकटिक ही स्पार्क प्लगची असते; प्रत्येक ठिणगी हजारो व्होल्टची असून ती एक रेडिओ-प्रक्षेपकच असते, आणि तिच्यावर उपाय म्हणजे सुमारे ५ किलोओहमचा रोध असलेला प्लग किंवा प्लग कॅप. मधूनच उठणारी भरभर २१७ हर्ट्झच्या आसपासची असेल, तर ती टूजी जाळ्यावर बोलणाऱ्या मोबाइलची असते. ब्लूटूथ हा २.४ गिगाहर्ट्झवर ७९ मार्गिकांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा उडी घेणारा डिजिटल दुवा असल्याने रिपलची शिट्टी त्यात हवेतून शिरू शकत नाही; ती ऐकू येत असेल, तर प्रक्षेपणाच्या आधीच्या वायरीत मिसळलेली असते. वायरींवर चिमटीसारखी बसणारी फेराइट कडी मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उपयोगी पडते, परंतु १,८०० हर्ट्झच्या शिट्टीवर तिचा काहीही परिणाम होत नाही, हे ती विकत घेण्याआधी ग्राहकाला कळले पाहिजे.

जीपीएसच्या बाबतीत प्रश्न केवळ आवाजाचा नाही. उपग्रहाकडून १,५७५.४२ मेगाहर्ट्झवर येणारा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की, जीपीएसच्या शेजारी बसवलेला हलक्या प्रतीचा यूएसबी चार्जर, जो १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना सेकंदाला लाखो वेळा प्रवाह तोडतो-जोडतो, त्याला झाकोळू शकतो. नकाशावरचे स्थान उडू लागले की अनेकदा अॅपला बोल लावला जातो. चार्जर काढल्यावर स्थान स्थिरावले, तर खरा अपराधी समोर येतो.

या साऱ्याचा संबंध केवळ हौसेशी नाही. कानातली शिट्टी दाबण्यासाठी चालक आवाज वाढवतो, मग मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्याला उशिरा ऐकू येतो आणि घाटातल्या वळणावर लक्ष रस्त्यावरून हटते. वाहन विकले जाण्यापूर्वी त्याची विद्युतचुंबकीय सुसंगती, म्हणजे त्याने आसपासच्या यंत्रांना त्रास न देणे आणि त्यांच्यामुळे स्वतः न बिघडणे, तपासली जाते. देशात त्यासाठी एआयएस-००४ हे मानक आहे आणि पुण्यातील एआरएआय ही संस्था अशा चाचण्यांमध्ये अग्रणी आहे. वाहनातल्याच रेडिओ-ग्राहकांच्या संरक्षणासाठी सीआयएसपीआर २५ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. परंतु गाडी शोरूमबाहेर पडल्यावर तिच्यावर चढवले जाणारे दिवे, चार्जर आणि कॅमेरे यांच्या जोडणीकडे त्या काळजीने कोणी पाहत नाही.

ही दरी भरून काढायला फार मोठी गुंतवणूक लागत नाही. प्रत्येक अॅक्सेसरीच्या खोक्यात निगेटिव्ह वायर कुठे जोडावी आणि कुठे जोडू नये हे मराठीत, चित्रासह छापलेले असावे. दुचाकी-दुरुस्तीच्या प्रशिक्षणात परतीच्या प्रवाहाची वाट मोजण्याचा सराव अनिवार्य असावा. आणि गाडीमालकाने फिटरला पॉझिटिव्हचा फ्यूज किती अँपिअरचा आहे हे जितक्या आग्रहाने विचारावे, तितक्याच आग्रहाने अर्थची वायर कुठे गेली आहे, हेही विचारावे.