ओळख आणि पडताळणी



मी बँकेत रुजू झालो त्या काळी नवे खाते उघडावयाचे असल्यास जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. अर्जाच्या तळाशी तसा रकाना असे आणि 'मी अर्जदारास ओळखतो' या अर्थाच्या मजकुराखाली जुना खातेदार सही करी. पुढे अनुभव असा आला, की बाजारपेठेतील एखादा भला गृहस्थ कोणाच्याही शब्दाखातर सही करून देई. ज्याची ओळख दिली त्याचे घर कोठे, हेही त्यास ठाऊक नसे. २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'आपला ग्राहक ओळखा' ही पद्धत बँकांना घालून दिली आणि हळूहळू ओळखीच्या सहीची जागा छायाचित्राने व पत्त्याच्या कागदपत्रांनी घेतली. ओळख निराळी आणि पडताळणी निराळी, हा धडा मी नोकरीत पुरता शिकलो. स्वतःच्या घरी मात्र तो विसरलो.

आमची नात येथे हिमायतनगरात शिशुवर्गात जाते. तिला ने-आण करण्यासाठी रिक्षा लावली, ती एका दुकानदार मित्राच्या शब्दावर. एके दिवशी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आज रिक्षावर दुसराच माणूस होता. नेहमीच्या दादांचं आडनाव काय हो?" मला सांगता आले नाही. मित्रास विचारले, तर त्यांना ते नाव त्यांच्या गिऱ्हाइकाने सुचविले होते. आणि गिऱ्हाइकास आणखी कोणी. नात सुखरूप होती, बदली चालकही सज्जन निघाला. तथापि तीन महिने आपण आपले लेकरू ज्याच्या हाती देत होतो, त्याच्याविषयी आपणांस काहीच ठाऊक नव्हते, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. पन्नास हजारांचा माल उधारीवर देताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. येथे एकाही ठिकाणी केली नव्हती.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन बालिकांवर झालेला अत्याचार आपल्या स्मरणात असेल. आरोपी हा शाळेतील कंत्राटी सफाई कर्मचारी होता आणि त्यास कामावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली; दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. त्याच आठवड्यात राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांविषयी सक्त आदेश दिले.

पडताळणीचे बंधन मात्र तेव्हा नव्याने आले नव्हते. पोक्सो कायदा २०१२ चा आणि त्याखालील नियम २०२० चे. त्यांतील तिसऱ्या नियमानुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी किंवा मुलांशी नियमित संबंध येणारी कोणतीही संस्था असो, तिने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक कालावधीने करून घेणे आवश्यक आहे. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, कोणासही सूट नाही. आपल्या समाजातील अनेक मंडळी शिक्षणसंस्थांच्या, वसतिगृहांच्या व पाठशाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. पुढील सभेत त्यांनी एवढेच विचारावे : पडताळणीचे कागद कोणत्या कपाटात आहेत आणि कोणत्या वर्षाचे आहेत?

घरी ठेवलेल्या मावशी किंवा मुलांना आणावयास जाणारा दुकानातील नोकर यांस हा संस्थांचा नियम लागू होत नाही. तेथे जबाबदारी सर्वस्वी आपली. महाराष्ट्र पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. चौकशी स्थानिक ठाण्यामार्फत होते. आपल्या भागात एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. तेलंगणाची सीमा येथून दूर नाही आणि कामासाठी माणसे इकडून तिकडे जातच असतात. म्हणून आजच्या पत्त्यासोबत मागील पत्तेही लिहून घ्यावेत आणि आधीच्या मालकाशी स्वतः बोलावे. २००२ मध्ये इंग्लंडमधील सोहम या गावी एका शाळेच्या रखवालदाराने दोन मुलींची हत्या केली. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या परगण्यात अनेक तक्रारी झाल्या होत्या. परंतु नेमणुकीच्या वेळी ती माहिती शाळेपर्यंत पोहोचली नाही. त्या चौकशीनंतर तेथील पडताळणीची व्यवस्था नव्याने उभी राहिली.

असे असले, तरी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले, असे मानू नये. पोलिसांच्या दप्तरात जे नोंदले गेले, तेवढेच त्यात उमटते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार बालकांवरील अत्याचाराच्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. नातलग, शेजारी, कुटुंबाचा स्नेही. त्यांचे प्रमाणपत्र कोण मागतो?

येथे मला बँकेची तिजोरी आठवते. तिला दोन किल्ल्या असत, एक अधिकाऱ्याकडे व एक रोखपालाकडे, आणि दोघे हजर असल्याखेरीज ती उघडत नसे. त्यात रोखपालाचा अपमान आहे, असे कोणास कधी वाटले नाही. मुलांच्या बाबतीतही तसाच रिवाज असावा. मूल कोणापाशीही बंद दाराआड एकटे राहू नये. बदली माणूस येणार असल्यास आधी फोन यावा, न आल्यास मूल देऊ नये. मूल एखाद्याकडे जाण्यास एकाएकी रडू लागले, तर त्यास दटावण्यापूर्वी ऐकून घ्यावे. आणि शंका आली तर 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसू नये. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. पीडित मुलाचे नाव जाहीर करण्यास कायद्यानेच मनाई आहे, हेही ठाऊक असावे.

काही वाचक म्हणतील, वर्षानुवर्षे निष्ठेने राबणाऱ्या गरीब माणसाकडे कागद मागणे बरे दिसते काय? माझे उत्तर असे, की नियम सर्वांस सारखा असला की तो कोणास बोचत नाही. शुल्क आपण भरावे, अर्ज आपण भरून द्यावा आणि कारण स्पष्ट सांगावे.

आमच्या रिक्षावाल्या दादांना मी हे सांगितले तेव्हा मनात संकोच होता. त्यांनी आधारपत्र काढून दिले, मागील गावचा पत्ता सांगितला आणि म्हणाले, "काका, माझी पोरगीही दुसऱ्याच्या रिक्षानं शाळेत जाते. तिच्यासाठी असा अर्ज कुठं मिळंल?" त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून दोन अर्ज भरले.